केलेलं माणसं विसरली, देवानं त्याच्या वेळेनं आठवण ठेवली, असं झालंय कधी? (अनुभव सांगा)

शाईचा डाग
कपाटाचा खालचा कप्पा आवरायला काढला आणि आवरणं तिथंच थांबलं. तळाशी एक फाईल निघाली. १२ वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाचा प्रबंध मी तपासून दिला होता, त्याची मुद्रितं. चार महिने चाललं होतं ते. दिवसा नोकरी, रात्री लेक झोपली की मी, लाल पेन आणि त्याची न संपणारी वाक्यं. पैशाचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. पदवी मिळाल्याचं तिसऱ्याकडून कळलं. छापील प्रत दिसली ती दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर. उभ्या उभ्या ऋणनिर्देश वाचला. २३ जण होते. मार्गदर्शक, आईवडील, ग्रंथपाल, झेरॉक्सवाला, घरचं मांजर. मी नाही.

फार लागलं होतं तेव्हा. रोज रात्री हात जोडले की पहिलं वाक्य हेच, "बघतोयस ना रे?" बरीच वर्षं मी देवाला हिशोबनीसच करून ठेवला होता.

आज त्या फाईलमध्ये ऋणनिर्देशाचंही मुद्रित निघालं. माझ्याच लाल खुणा. म्हणजे ते पान मी छपाईआधी वाचलं होतं! तेवीसच्या तेवीस नावं वाचून, 'आशिर्वाद'मधला शि दीर्घ करून, पान उलटून टाकलं होतं. त्यात माझं नाव नाही हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मागच्या कोऱ्या बाजूला लेकीनं हत्ती काढलाय. हत्तीच असावा.

अजून एक. नंतर माझी नोकरी गेली तेव्हा पहिलं काम मिळालं ते मुद्रितशोधनाचंच, आणि आज घर त्यावरच चालतं. ते काम मी शिकले कुठं, तर त्या चार महिन्यांत. मी मागत होते आभार, आणि पदरात आधीच काहीतरी भलतंच पडलं होतं, ते कळायला इतकी वर्षं गेली.

तुमचंही असं काही असेल तर लिहा. लहान असलं तरी चालेल.

रुमालवाला
रुमाल टाकून ठेवतो. रात्री लिहितो.

उंबरठा
गरज सरो वैद्य मरो. धाकटे दीर. विषय संपला. मुलाला आणायला निघालेय, नंतर सविस्तर.

काडेपेटी
ताई, लेख छान. पण चार महिने रात्री जागलात तुम्ही, शिकलात तुम्ही, नोकरी गेल्यावर दारोदार फिरलात तुम्ही. श्रेय देवाला का? उगाच त्याच्या बायोडेटात भर.

शाईचा डाग
@काडेपेटी, वाटच बघत होते तुमची. :) जागले मी, हे खरंच. पण तो प्रबंध माझ्याकडेच का आला? त्याच्या वर्गात माझ्यापेक्षा शुद्ध लिहिणाऱ्या दोघी होत्या.

काडेपेटी
कारण त्या दोघी नाही म्हणाल्या असणार.

शाईचा डाग
हाहा. हे मात्र शक्य आहे.

नाईट ड्युटी
मोबाइलवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या (विशेषतः शाईताई).

आमच्या शेजारच्या काकांना दवाखान्यात ठेवलं होतं. मुलगा लांब. १९ रात्री मी होतो. बसायला लोखंडी स्टूल, त्याचा एक पाय आखूड. मी पुठ्ठ्याची घडी करून खाली घालायचो आणि झाडणारी बाई सकाळी ती काढून टाकायची. रोज रात्री नवीन पुठ्ठा शोधायचा. काका बरे होऊन घरी आले. पुढच्याच वर्षी गाडी लावण्यावरून वाद झाला तर ह्याच घरातून माझ्याविरुद्ध लेखी तक्रार. सही काकांची. त्या सहीसाठी हात स्थिर व्हायला औषध मीच आणून दिलेलं. असो.

सात वर्षांनी आई आजारी. दुसरा दवाखाना, दुसरं सगळं. तिसरी रात्र, मी जिन्यात उभ्या उभ्या पेंगत होतो. एक माणूस समोर येऊन म्हणतो, "तुम्ही ते स्टूलवाले ना?" मी त्याला ओळखलं नाही. त्याचे वडील काकांच्या शेजारच्या खाटेवर होते म्हणे. एका रात्री तो औषध आणायला खाली गेला तेव्हा मी त्यांच्या सलाईनकडे बघितलं, संपत आल्यावर सिस्टरना उठवलं. मला शप्पथ काही आठवत नव्हतं. अजूनही नाही. तो म्हणाला, "घरी जा, अंघोळ करा, झोपा, मी बसतो आईंपाशी." आणि बसला. एक नाही, चार रात्री.

काकांवरचा राग गेला का? नाही. खोटं कशाला बोलू.

दुपारची झोप
@नाईट ड्युटी, पुठ्ठ्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं आणि शेवटच्या ओळीला हसू. आई बऱ्या आहेत ना आता?

नाईट ड्युटी
ठणठणीत. आत्ता माझ्यावरच ओरडतायत, जेवताना फोन ठेव म्हणून.

ओ निगेटिव्ह
रक्त देणाऱ्यांना बरं आहे, कोण विसरलं हा प्रश्नच येत नाही. पेढीत दिलं की कुणाला चढलं ते तुम्हाला सांगत नाहीत, त्यालाही तुमचं नाव कळत नाही. माझा गट कुणालाही चालतो म्हणून रात्री-अपरात्री फोन येतात. प्लेटलेट जेमतेम पाचेक दिवस टिकतात, त्यामुळे तेव्हा "उद्या येतो" म्हणून भागत नाही. एकदा बाकड्यावर पडल्या पडल्या वाटलं, हे बरंय, ना त्याला ओझं ना मला अपेक्षा. दुसऱ्याच मिनिटाला वाटलं, निदान एक मेसेज यायला हवा होता राव.

उंबरठा
आले परत. दिरांचं. त्यांचा धंदा बुडाला तेव्हा ह्यांनी आमची ठेव मोडून दिली. मी हो म्हटलं होतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे आधी सांगते. त्यांचं पुन्हा बस्तान बसलं. आता वर्षातून एकदा भेट होते, तीही लग्नाकार्यात, आणि जाऊबाई मला विचारतात, "काय मग, अजून भाड्याच्याच घरात?" ११ वर्षं झाली. मला परत काही मिळालं नाही. वेगळ्या मार्गानं वगैरेही नाही. माझ्या बाबतीत देवाच्या घड्याळाचा सेल उतरलाय बहुतेक.

विश्वास आहे का अजून? सकाळी हात जोडते. त्याला विश्वास म्हणायचं की सवय, मला नाही सांगता येत.

दुपारची झोप
उंबरठाताई, जाऊबाईंना सांगा, "हो ना, घराचे पैसे तुमच्याकडे आहेत." एकदा म्हणूनच बघा. मी येते हवं तर शेजारी उभी राहायला.

उंबरठा
मनात हजार वेळा म्हणून झालंय. समोर गेलं की फक्त हसते, आणि घरी येऊन ह्यांच्यावर चिडते.

साधा माणूस
उंबरठाताईंचं वाचून योसेफ आठवला. बायबलात उत्पत्तीच्या ४०व्या अध्यायात आहे. भावांनीच विकलेला योसेफ खोट्या आळात तुरुंगात. मिसरचा राजा फारो, त्याला मद्याचा प्याला देणारा प्यालेबरदार तिथंच. त्याच्या स्वप्नाचा अर्थ योसेफ सांगतो, तू तीन दिवसांत सुटशील, आणि एवढंच मागतो की तुझं बरं झालं की माझी आठवण ठेव, फारोच्या कानावर घाल. प्यालेबरदार सुटतो आणि साफ विसरतो. अध्याय तिथंच संपतो. पुढचा उघडतो तो पुऱ्या दोन वर्षांनी, फारोला येणाऱ्या दुष्काळाचं स्वप्न पडतं आणि कुणालाच अर्थ लागत नाही तेव्हा. मग ह्याला एकदम आठवण!

मला नेहमी वाटतं, त्यानं लगेच आठवण ठेवली असती तर काय झालं असतं? योसेफ सुटून कुठल्या कुठं गेला असता. फारोला स्वप्न पडलं त्या सकाळी हाकेच्या अंतरावर नसता. मग दुष्काळासाठी धान्य कुणी साठवलं असतं, आणि भाऊ कुणाच्या दारात आले असते?

काडेपेटी
@साधा माणूस, गोष्ट भारी सांगितलीत. पण प्यालेबरदाराला आठवण झाली ती कृतज्ञतेनं नाही. राजाला उत्तर हवं होतं आणि ह्याला राजासमोर पुढं पुढं करायचं होतं. स्वतःची गरज पडली तेव्हाच माणूस आठवला. आपल्याकडचे वेगळे काय करतात? आणि त्या दोन वर्षांचं भाडं कुणी भरलं? योसेफनं.

साधा माणूस
बरोबर आहे. १७व्या वर्षी विकला गेला, फारोसमोर उभा राहिला तेव्हा ३०चा. १३ वर्षं काही थोडी नाहीत. देवाची वेळ म्हणताना आपण शेवटून बघतो, तो मात्र मधे बसला होता. उंबरठाताई, तुम्ही आत्ता मधे आहात एवढंच म्हणायचं होतं. शहाणपणा वाटला तर क्षमा.

उंबरठा
नाही वाटला. दोनदा वाचलं.

आजोबा ऑनलाइन
गीतेत १७व्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. २०व्या श्लोकात 'अनुपकारिणे' असा शब्द येतो. परतफेड न करणाऱ्याला, योग्य जागी, योग्य वेळी, द्यायचं म्हणून दिलं ते सात्त्विक. परत काही मिळावं म्हणून किंवा कुरकुरत दिलं ते राजस. सर्वांना आशिर्वाद.

नाईट ड्युटी
आजोबा, शि दीर्घ!!! धागा कुणाचा आहे बघा.

शाईचा डाग
आजोबांना माफ. :) आणि श्लोकानुसार मी राजस ठरते, तेही मान्य. देताना सात्त्विक होते, छापील प्रत बघितली आणि राजस झाले.

आजोबा ऑनलाइन
चष्मा सापडत नव्हता. आशीर्वाद. आता बरोबर?

तिसरी घंटा
इथं सगळे देणारे दिसतायत. मी विसरणारी.

शिकत असताना एका बाईंकडे दोन वर्षं राहिले. नात्यातल्या नाहीत. माझ्यासाठी त्यांनी स्वतःच्या खोलीत पडदा लावून अर्धी खोली दिली. परीक्षेच्या दिवसांत पडद्यापलीकडचा दिवा त्या मुद्दाम जागून चालू ठेवायच्या, मी एकटी जागी आहे असं मला वाटू नये म्हणून. मी नोकरीला लागले आणि फोन कमी, मग बंद. वाईट काही घडलं नाही. खरं सांगायचं तर त्यांचा आवाज ऐकला की मला ती मी आठवते. दोन ड्रेस, उसनी पुस्तकं, सारखी कुणाचे तरी आभार मानत फिरणारी. तिला भेटायचं नव्हतं मला. त्यांना नाही, तिला टाळत होते. पण त्यांना हे कसं कळणार? त्यांच्या लेखी मी कृतघ्नच.

शाईताई, तुमच्या त्या मुलाचं काय असेल माहीत नाही. असंही असू शकतं.

शाईचा डाग
तिसरी घंटा... ह्या बाजूनं मी कधी बघितलंच नव्हतं. त्याचं पहिलं प्रकरण फारच कच्चं होतं, मी ते जवळजवळ पुन्हा लिहिलं होतं. ते माहीत असलेली मी एकटीच.

दुपारची झोप
तिसरी घंटा, फोन कर. आत्ता. आम्ही थांबलोय.

काडेपेटी
+१. आणि देवाची वेळ वगैरे बघत बसू नका. नऊच्या आत करा, म्हातारी माणसं लवकर झोपतात.

ओ निगेटिव्ह
अवांतर: शाईताई, जुन्या कागदावरची लाल शाई फिकी पडते का हो? माझ्या वडिलांच्या वह्या आहेत, स्कॅन कराव्यात म्हणतो.

शाईचा डाग
पडते. उन्हात तर लवकरच. अंधारात, कोरड्या जागी ठेवा, आणि स्कॅन रंगीतच करा, कृष्णधवलमध्ये लाल आणि काळं वेगळं कळत नाही. स्टेपलच्या पिना आधी काढा, गंजून कागद खातात.

तिसरी घंटा
केला. लगेच उचलला. नाव सांगायच्या आधी "बोल गं" म्हणाल्या. मग चाळीस मिनिटं गुडघे, डॉक्टर, सून, वरच्या मजल्यावरचं गळतं पाणी. मधे श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा म्हटलं, बाई, मला काही बोलायचंय. तर म्हणाल्या, "ते नंतर, आधी हे ऐक." आभार मानायचे राहूनच गेले. रविवारी पुन्हा करणारेय.

उंबरठा
हे वाचून बरं वाटलं. माझं काही झालं नाही, पण बरं वाटलं.

रुमालवाला
आलो. सगळं वाचलं. दिवसभर आठवत होतो, मला कोण कोण विसरलं. यादी केली, पाच नावं झाली. मग तिसरी घंटा वाचलं आणि दुसरी यादी करायला घेतली. ती सहावर गेल्यावर पेन ठेवलं. रुमाल उचलतो.

दुपारची झोप
शाईताई, त्या पानाचा फोटो त्या मुलाला पाठवा ना. लाल खुणांसकट. काही लिहू नका, नुसता फोटो.

नाईट ड्युटी
पाठवू नका. टोमणा वाटेल.

काडेपेटी
टोमणा आहेच तो. पाठवा.

शाईचा डाग
पाठवायचा विचार करून फोटो काढला. मोठा करून बघत होते तर शेवटची ओळ दिसली. "ज्यांची नावे अनवधनाने राहून गेली त्या सर्वांचा मी ऋणी आहे." अनव'ध'नाने. काना नाही. खालीवर लाल खुणा, आणि ह्या ओळीला माझा हातच लागलेला नाही. छापील प्रतीतही तसंच गेलं असणार.

मघापासून तेच डोक्यात घुमतंय. नाव राहिलं त्याचं नंतर बघू, हा काना कसा सुटला माझ्या हातून?