प्रति: भर दुपारी शूट नको?
दुपारच्या उन्हात पुरुष मॉडेलच्या डोळ्यांखाली काळी सावली पडते, म्हणून फोटोशूट नकोच, हा या चर्चेतला वरचा मुद्दा मोकळ्या मैदानात पटतो. पडक्या वास्तूत नाही. वसई किल्ल्यातली बहुतेक जुनी चर्चं बघा, छप्पर गेलंय पण भिंती उभ्या आहेत. मॉडेलला कमानीच्या सावलीत, काठापासून हातभर आत उभं करा. समोरची उन्हातली जमीनच रिफ्लेक्टरचं (चेहऱ्यावर उजेड परतवणाऱ्या पांढऱ्या फळीचं) काम करते. बाजूच्या उजेडात जबडा, खांदे कोरल्यासारखे निघतात, दाढीचा पोतही टिकतो. (सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारा कापडी डबा, लावून पुरुषांचे चेहरे गुळगुळीत करायची हौस मला कधी कळली नाही.)

परवानगीबद्दल मात्र या चर्चेत कुणीच लिहिलं नाही. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉड लावायला किंवा व्यावसायिक शूटला आधी परवानगी काढावी लागते. आणि अंगाला तेल लावायचं तर शेवटच्या फ्रेम्ससाठी ठेवा, भिंतीला टेकला की चुना-माती सगळी पाठीला.