प्रतिसाद: फील्ड लावल्यावर नसेल्ट नंबर का उतरतो

तुम्ही विचारलंय की बंद चौकोनी पोकळीत पाणी-कॉपर नॅनोफ्लुइड (तांब्याचे अतिसूक्ष्म कण मिसळलेलं पाणी) घेतलं, कण वाढवले, तरी चुंबकीय फील्ड लावलं की नसेल्ट नंबर (नुसत्या कंडक्शनच्या तुलनेत उष्णता किती पट वाहते तो आकडा) खालीच येतो, मग कोड चुकलाय का. नाही हो, असंच यायला हवं. विद्युतवाहक द्रव फील्डमधून वाहू लागला की त्यात करंट तयार होतो आणि त्यातून येणारा लॉरेंट्झ फोर्स प्रवाहालाच मागे ओढतो, गरम भिंतीलगत वर चढणारी धार मंदावते, आणि हार्टमन नंबर (द्रवाच्या चिकटपणापुढे चुंबकीय ओढ किती मोठी ते सांगणारा आकडा) पुरेसा वाढवला की आयसोथर्म (समान तापमानाच्या रेषा) जवळजवळ भिंतीला समांतर उभ्या राहतात म्हणजे नुसतं कंडक्शन उरतं. तिथे मात्र कणांची उष्णतेची कंडक्टिव्हिटी खरी कामाला येते.

पण कोडमध्ये टाकलेला हार्टमन 60 सारखा आकडा प्रत्यक्षात आणणार कुठून ते इथे कुणीच बोललं नाही. 1 सेंटीमीटरचा डबा घ्या, फील्ड 1 टेस्ला. गोव्यातल्या मिरामारचं समुद्राचं पाणी भरलं (विजेची कंडक्टिव्हिटी साधारण 5 सीमेन्स प्रति मीटर) तरी हार्टमन 0.7 च्या आसपास, अगदी शुद्ध पाण्याला त्याच्या हजाराव्या भागाएवढा, पारा घेतला तर अडीचशेच्या वर! फर्मागुडीला (गोव्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात) वायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कुणी हे विचारलंच तर उत्तर तयार ठेवा.

आणि आधी फील्ड शून्य ठेवून, पोकळीत हवा घेऊन डी व्हाल डेव्हिस यांचा 1983 चा बेंचमार्क (कोड तपासायची प्रमाण उत्तरं) जुळवा, रेले नंबर (तापमानाच्या फरकाने येणाऱ्या प्रवाहाचा जोर सांगणारा आकडा) 10 लाखाला सरासरी नसेल्ट 8.8 च्या जवळ आलाच पाहिजे. फेरोफ्लुइड (चुंबकीय कण मिसळलेला द्रव) घेणार असाल तर केल्विन फोर्सपण (असमान फील्ड चुंबकीय द्रवाला ओढतं तो जोर) धरावा लागेल, तो प्रवाह वाढवूही शकतो.