मदत हवी: विमानाच्या ओ-३२० इंजिनात एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी, दोष पिस्टनच्या रिंगांचाच का?

धागाकर्ता: लायकोमिंग ओ-३२०, १६० एचपी. गरम इंजिनावर डिफरन्शियल टेस्ट (८० पीएसआय दाबाची हवा भरून सिलिंडर किती दाब धरतो ते पाहणं): १, २, ४ नंबर सिलिंडर ७४ ते ७६/८०, ३ नंबर ६२/८०. हवा तेल भरायच्या नळीतून फुसफुसते. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरच्या बाजूला शांत. ३ चा खालचा स्पार्क प्लग तेलकट. तेलाचा खप चार तासांना एक क्वार्ट (जेमतेम एक लिटर). सिलिंडर बदलून ६० तास झालेत. उतरवावा का?

टॅपेट: एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटर शांत म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष, गळती रिंगांवरूनच आहे. पण लगेच खोलाखोल करू नका. रिंगांची तोंडं एका रेषेत आली तरी आकडा पडतो. लायकोमिंगच्या हिशेबाने ६५ खाली म्हणजे झीज, सिलिंडर उतरवायचा विचार ६० खाली. या इंजिनाला तेलाची कमाल मर्यादा तासाला साधारण अर्धा क्वार्ट, म्हणजे खपही मर्यादेत आहे.

आधी तेलाचा फिल्टर कापा, आतल्या कागदाच्या घड्या उलगडून चुंबक फिरवा. चिकटणारे टोकदार तुकडे मिळाले तर रिंग तुटल्याचा संशय धरा. न चिकटणारी चमचमती कपची बहुधा ॲल्युमिनियम: पिस्टन किंवा पिन-प्लग (पिस्टनच्या पिनेच्या टोकाचं बूच). काहीही सापडलं तर विमान जमिनीवरच. फिल्टर स्वच्छ असेल तर सिलिंडरमध्ये बोअरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) घाला, मग उडवून गरम असतानाच पुन्हा टेस्ट.

आणि टेस्टच्या वेळी प्रॉपेलर दुसऱ्या माणसाने घट्ट धरलेला हवा. सव्वापाच इंचांना जेमतेम कमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ८० पीएसआय: पिस्टनवर सुमारे १६५० पौंड जोर येतो. पिस्टन टीडीसीवरून, म्हणजे सर्वात वरच्या टोकावरून, जरा सरकला की पातं फिरलंच.

क्रॅंककेस: सिलिंडरवर रंगाचा पट्टा कोणता? आणि रिंगा कुठल्या घातल्या?

धागाकर्ता: नारिंगी. कामाच्या नोंदीत वरच्या रिंगा क्रोमच्या लिहिल्यात. फिल्टर स्वच्छ. बोअरस्कोपमध्ये भिंतीवर उभे ओरखडे.

क्रॅंककेस: मग पुन्हा टेस्ट करत बसू नका. नारिंगी म्हणजे क्रोम बॅरल (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर क्रोमचा मुलामा), त्यात साध्या ओतीव लोखंडाच्याच रिंगा चालतात. क्रोमवर क्रोम बसत नाही, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना ओरबाडतात. क्रोम रिंगा निळ्या पट्ट्याच्या, म्हणजे नायट्राइड (नायट्रोजनने कठीण केलेल्या पोलादाच्या) बॅरलसाठी. आणखी तास उडवून हे सुधारणार नाही. सिलिंडर उतरवा. बॅरल मापात आणि क्रोम शाबूत असेल तर फक्त योग्य रिंगा, नाहीतर सिलिंडरच बदला.

टॅपेट: सहमत. सिलिंडर निघाला की थ्रू-बोल्टची (क्रॅंककेसचे दोन अर्धे आवळून धरणाऱ्या लांब बोल्टांची) पकड जाते. सिलिंडरच्या जागी बोल्ट आवळून धरणारी टॉर्क प्लेट लावल्याशिवाय क्रॅंक फिरवलात तर मेन बेअरिंग सरकू शकतं, आणि ते काम सिलिंडरपेक्षा कितीतरी महागात पडतं. सिलिंडर पुन्हा बसवल्यावर मिनरल ऑइल (साधं, ॲडिटिव्ह नसलेलं तेल) घाला, जमिनीवर कमीत कमी चालवा, हवेत ६५ ते ७५ टक्के पॉवर ठेवा. हळूहळू चालवलंत तर भिंतीवर जळक्या तेलाचा काचेसारखा गुळगुळीत थर चढतो आणि नव्या रिंगाही बसत नाहीत. खप स्थिरावला की ॲशलेस डिस्पर्संट (मळ तरंगता ठेवणारं, राख न सोडणारं) तेल.