जुन्या दुष्काळांवर पीएचडी: भूगोलात करू की इतिहासात?

माणगंगा

नमस्कार. माझं एमएससी भूगोलात झालंय, सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) पास आहे, गाव माण तालुक्यात. आमच्या विद्यापीठाने यंदा आंतरविद्याशाखीय संशोधनाची काही सूत्रं जाहीर केली आहेत. त्यातलं एक 'पाणी, हवामान आणि समाज'. ते वाचलं आणि बरेच दिवस मनात घोळणारा विषय पक्का केला. साधारण १७५० ते १८१८ या काळात माणदेशात आणि नीरा-भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ कधी पडले, किती मोठे होते, हे मोडी कागदांतून काढायचं. मग झाडांची वर्षवलयं, तळ्यांचा गाळ, गुहांमधले चुनखडीचे लवणस्तंभ यांवरून शास्त्रज्ञांनी त्या काळच्या पावसाबद्दल जे सांगितलंय, त्याच्याशी ते ताडून बघायचं.

आमच्या घरात बहात्तरचा दुष्काळ अजून ताजा आहे. खडी फोडायला जाणं, लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, सगळं आजीच्या तोंडून ऐकलंय. पण त्याच्या मागे गेलं की गावाच्या आठवणीत काही सापडत नाही. त्याआधी दुष्काळ नव्हते असं थोडंच आहे? पाऊसच जिथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिथे ते पडतच आले असणार. मला ते नावानिशी, सालानिशी हवे आहेत.

सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) घेऊन फिरले. भूगोलाचे सर म्हणाले, "हा इतिहास झाला." इतिहासाच्या मॅडमना विषय आवडला, पण "सांख्यिकी कोण तपासणार?" असं म्हणून त्यांनी कागद परत दिले. आपल्याकडे चौथी विद्याशाखाच 'आंतरविद्याशाखीय अभ्यास' नावाची आहे, तर तिथेच अर्ज करू का? आणि खरंच एका माणसाने तीन-चार वर्षांत करण्याजोगं हे काम आहे का? कुणी दोन विषयांच्या सीमेवर काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

आरआरसी_अनुभवी

आधी नियमांचं सांगतो, ते थोडक्यात संपतं.

चौथ्या विद्याशाखेच्या नावावर जाऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे चार विद्याशाखा आहेत हे बरोबर. पण चौथीत शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, वृत्तपत्रविद्या, समाजकार्य, गृहविज्ञान असे विषय येतात. भूगोल आणि इतिहास एकत्र आले म्हणून प्रबंध आपोआप तिकडे जात नाही.

यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत आंतरविद्याशाखीय कामासाठी विभागाबाहेरचा, अगदी दुसऱ्या विद्यापीठातलाही सहमार्गदर्शक घेता येतो असं स्पष्ट लिहिलं आहे. सिनॉप्सिससोबत त्या तरतुदीची प्रत जोडा, आरआरसीत (विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत) निम्मे आक्षेप तिथेच संपतात. तुमची सेट भूगोलात आहे, उद्या प्राध्यापकपदाची जाहिरातही भूगोलाचीच येणार. म्हणून नोंदणी भूगोलात करा आणि सहमार्गदर्शक इतिहासाचा घ्या. किमान तीन वर्षं, कमाल सहा. मोडी शिकायचा वेळ यातच धरावा लागेल.

---

गाळाचे थर

माणगंगा, एकेरीत लिहिते, चालेल ना? माझी सगळी नोकरी पुण्यात नद्यांच्या गाळावर गेली आणि त्यातला मोठा भाग पुरातत्त्वाच्या लोकांबरोबर, त्यांच्या खड्ड्यांमध्ये उभं राहून. तुझ्या प्रश्नाने मला फार आनंद झाला, म्हणून जरा लांब लिहिते.

हे काम आपल्याकडे नवं नाही. डेक्कन कॉलेजात १९३९ पासून सांकलिया पुरातत्त्व बघत होते आणि इरावती कर्वे समाजशास्त्र-मानवशास्त्र. दोघांनी मिळून गुजरातेत लांघणजला काम केलं, कारण तिथल्या दगडी हत्यारांजवळ माणसांचे सांगाडे निघाले आणि सांगाडे वाचायला मानवशास्त्र लागतं. त्यांना कुणी सूत्र जाहीर करून दिलं नव्हतं. जमिनीतून जे निघालं त्यानेच दोन विभाग एकत्र आणले.

पुढे इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ पासून पंधराएक वर्षं उत्खनन चाललं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० पर्यंतची शेतकऱ्यांची वस्ती. जळके दाणे एकाने ओळखायचे, जनावरांची हाडं दुसऱ्याने, पुरलेल्या मुलांचे दात-हाडं तिसऱ्याने, नदीचे थर चौथ्याने. शेवटच्या काळात चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या येतात, गव्हासारखी पिकं कमी होतात, शिकार वाढते. पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी याचं कारण हवामान कोरडं झालं असं मांडलं आणि ते कित्येक वर्षं आमच्या वर्गांत शिकवलं गेलं. नंतर लहान मुलांच्या हाडांचा पुन्हा अभ्यास झाला. मुलांची वाढ खुंटली होती हे दिसलं, पण कोरडेपणा नेमका त्याच वेळी आला का, यावर प्रश्न उभा राहिला. म्हणजे हाडं आणि दाणे एक सांगतात आणि पावसाची स्वतंत्र साक्ष त्याला दुजोरा देतेच असं नाही. तुझ्या प्रबंधात हीच अडचण वर्षावर्षाला येणार आहे.

दुसरं उदाहरण जुन्नर तालुक्यातल्या बोरीचं. कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्याशी निगडित अश्मयुगीन हत्यारं. एका पद्धतीने राखेचं वय सुमारे १४ लाख वर्षं आलं, दुसरीने पावणेसात लाखांच्या आसपास, आणि राखेतल्या काचेची रासायनिक घडण बघणाऱ्यांनी सांगितलं की ही सुमात्रातल्या तोबाची, जेमतेम ७५ हजार वर्षांपूर्वीची राख आहे. हत्यारं तीच, राख तीच. या वादात ज्या पुरातत्त्वज्ञांना वयमापनाची रीत आतून कळत होती तेच नीट बोलू शकले. बाकीच्यांनी आपल्या मताला सोयीचा आकडा उचलला. म्हणून तुला माझं पहिलं आग्रहाचं सांगणं: शास्त्रज्ञांचा आलेख तयार मिळतो म्हणून तो शेवटच्या प्रकरणात आणून चिकटवू नकोस.

आता तुझ्या साधनांकडे येऊ. लवणस्तंभांसाठी चुनखडीच्या गुहा लागतात आणि आपला दख्खन बेसाल्टचा. बस्तरमधल्या दंडक गुहेची नोंद प्रसिद्ध आहे. तिच्यात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाऊस कमजोर दिसतो आणि परंपरेने १३९६ ते १४०७ सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ त्यात बसतो. पण ती नोंद १५०० च्या सुमारास थांबते. लोणारच्या गाळातून हजारो वर्षांचा कल कळतो, एकेक साल कळत नाही. सागाची वर्षवलयं वर्षावर्षाची माहिती देतात खरी, पण जी लांब मालिका आहे, पंधराव्या शतकापर्यंत जाणारी, ती केरळातल्या सागाची. केरळचा पाऊस आणि तुझ्या माणमधल्या म्हसवडचा पाऊस!

आणि समजा उद्या जवळचं झाड मिळालं, तरी ते कुठला पाऊस नोंदवतं हे विचारावं लागेल. आपल्या भागाचं पोट शाळू ज्वारीवर. तिची पेरणी आणि उगवण उत्तरा-हस्ताच्या, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या, पावसावर. जून-जुलै बरा गेला आणि हस्त कोरडा गेला तर वर्षाची बेरीज ठीक दिसेल, पण घरात दाणा येणार नाही. मोडी कागद लिहिणारा कारकून नक्षत्रांत बोलतो, हवामानवाले महिन्यांत. म्हणून हे दोन विषय कागदावर शेजारी ठेवले तरी एकमेकांना भेटत नाहीत.

ती भेट तू घडव. हवामान खात्याकडे १९०१ पासूनचा दैनिक पाऊस नकाशावरच्या चौकटींनुसार उपलब्ध आहे. तो तुझ्या भागासाठी घे आणि महिन्यांऐवजी मृग, आर्द्रा, पुनर्वसू असा नक्षत्रांप्रमाणे बेरजेत मांड. कुठल्या नक्षत्रांची तूट ज्वारीच्या उत्पादनाला सर्वांत जास्त मारते ते शोध. हे काम निखळ भूगोलाचं आहे, तुझ्या सरांनाही नाही म्हणता येणार नाही. ते हातात आलं की अठराव्या शतकातल्या "हस्त लागला नाही" अशा एका ओळीचं वजन किती, हे तू सांगू शकशील. आज ते कुणी सांगू शकत नाही. एक काळजी मात्र घे. आपली नक्षत्रं निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून मोजलेली आहेत, इंग्रजी तारखेच्या हिशोबाने सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. आज ७-८ जूनला लागणारा मृग १७५० च्या आसपास तीन-चार दिवस आधी लागायचा.

---

रुमाल

गाळाचे थर यांनी नक्षत्रांचं लिहिलं ते वाचून मोडी वाचणारा म्हणून लिहायला बसलो.

ताई, पेशवे दफ्तरात सुहूर सन ही कालगणना भेटेल, त्यालाच मृगसाल म्हणतात, कारण सूर्य मृगात गेला की तो बदलतो. 'सलास खमसैन मया व अलफ' म्हणजे ११५३, म्हणजे जून १७५२ ते १७५३. सरकारी हिशोबाचं वर्षच पावसाबरोबर सुरू होत होतं, तेव्हा नक्षत्रांची मांडणी या कागदांवर चपखल बसेल.

दफ्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आणि कोट्यवधी कागद आहेत. इतिहासकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये काढलेले ४५ खंड देवनागरीत छापलेले आहेत, सुरुवात त्यांवरून जरूर करा. पण त्यांत राजकारण जास्त. दुष्काळ सापडतो तो ताळेबंदांत, अजमासांत (उत्पन्नाच्या अंदाजांत), साऱ्यात सूट मागणाऱ्या अर्जांत. मुख्य म्हणजे धारणेत. रुपयाला किती ज्वारी, हे कारकून सहज लिहून जातो. त्यात त्याचा स्वार्थ नसतो, म्हणून मी धारणेवर सर्वांत जास्त विश्वास ठेवतो.

सूट मागणाऱ्या अर्जांवर तसा ठेवू नका. गावाला सारा माफ हवा असतो, मग पाटील-कुलकर्णी संकट मोठं करून लिहितात. शिवाय सूट फक्त अवर्षणाने मिळत नाही. लष्कराची पायमल्ली झाली तरी मिळते. १८०२ मध्ये यशवंतराव होळकर पुण्यावर आले, २५ ऑक्टोबरला हडपसरची लढाई झाली, मुलूख लुटला गेला, आणि १८०३ मध्ये पाऊसही गेला. १८०३-०४ च्या त्या भयंकर दुष्काळात फौजेचा वाटा किती आणि आभाळाचा किती? इथे तुमच्या झाडांची, गाळाची खरी गरज आहे, कारण झाडाला होळकर माहीत नसतो.

पश्चिम भारतातल्या जुन्या पावसावर परदेशी अभ्यासकांनी १७८१ पासूनची मालिका तयार केली आहे, पण ती मुख्यतः इंग्रजी पत्रं, रोजनिशा, वर्तमानपत्रं यांवरून. त्यात घाटमाथ्यापलीकडच्या खेड्यातला माणूस जवळजवळ नाही. मोडी कागद त्याला बोलता करतील. हे कुणीतरी करावं असं मला फार वर्षं वाटतंय.

एक मात्र कडवट सांगतो. माणदेश तुम्हाला सलग मिळणार नाही. म्हसवडचे माने देशमुख, औंधचे प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, प्रत्येकाचं दफ्तर वेगळं, त्यांतलं काय कुठे उरलंय ते शोधण्यातच तुमची वर्षं जातील. त्यापेक्षा इंदापूर परगणा घ्या. भीमा-नीरेच्या दुआबात आहे, पर्जन्यछायेत आहे आणि त्याचे गावोगावचे हिशोब पुण्याच्या दफ्तरात चांगले टिकलेत. जपानी अभ्यासकांनी त्यांवर मोठं काम करून ठेवलंय, परगण्याची घडण तुम्हाला आयती समजेल.

---

माणगंगा

तिघांचेही मनापासून आभार. धारण आणि सूट वेगळी वाचायची हे माझ्या डोक्यातच नव्हतं, आणि नक्षत्रांच्या बेरजेचं काम तर मी उद्यापासून सुरू करू शकते, त्यासाठी आरआरसीची वाटही बघायला नको.

पण इंदापूरचं वाचून वाईट वाटलं. मी हा विषय माझ्या गावासाठी घेतला होता. माण पूर्ण सोडायचं का? आणि रुमालकाका, मोडी किती आलं की दफ्तरात बसण्यात अर्थ आहे?

---

रुमाल

वर्णमाला आणि छापील नमुने महिन्याभरात जमतात, पण त्यावर दफ्तरात जाऊ नका. पेशवेकालीन घसटं, भरभर ओढून लिहिलेलं मोडी वेगळं. आधी एकाच कारकुनाच्या हातचे हिशोब रोज वाचा. हिशोबात तेच तेच शब्द येतात, आकडे ताळ्याने तपासता येतात, म्हणून पत्रांपेक्षा ते लवकर उलगडतात. बारा-पंधरा ओळींतला एखादाच शब्द अडायला लागला की मार्गदर्शकांचं पत्र घेऊन पुराभिलेखागारात अर्ज द्या. अडलेल्या ओळींचे फोटो इथे टाकत जा, मी वाचून देईन.

---

गाळाचे थर

माण सोडू नकोस. पावसाचं आणि ज्वारीचं प्रकरण माण आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांवर कर, दोन्ही पर्जन्यछायेतले आहेत. दोन्हीकडे नक्षत्रांची तूट सारख्याच वर्षी येते का ते दाखव. येत असेल तर इंदापूरच्या कागदांत सापडलेला दुष्काळ माणलाही लागू होतो असं आधारासकट म्हणता येईल. येत नसेल तर ते किती ठिकाणी फसतं तेही लिही. सिनॉप्सिसच्या नावातून 'माणदेश' काढून 'भीमा-नीरा खोरं' ठेव, म्हणजे आरआरसीत कागद कुठे आहेत यावर कुणी अडवणार नाही.

सहमार्गदर्शक शोधताना इतिहासातला असा माणूस बघ ज्याने स्वतः मोडी हिशोब वाचलेत. नुसतं पद मोठं असून उपयोग नाही. आणि दोन्ही मार्गदर्शकांना पहिल्या सहा महिन्यांतच एकदा एका टेबलाशी बसव, समोर एक ताळेबंद आणि एक पावसाचा तक्ता ठेवून. एकमेकांना काय विचारतात ते लिहून घे. तुझ्या प्रबंधातले प्रश्न त्यातून निघतील.