मॉनिटर असला तरी श्वास मोजा

रुग्णाला मॉनिटर (नाडी, ऑक्सिजन दाखवणारं यंत्र) लावल्यावर श्वास मोजत बसायची गरज नाही, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. बीडकडे रुग्णालयात शिकत असताना पहाटे एक ऊसतोड कामगार बाई आली. कोपीत (ऊसतोड कामगारांच्या झोपडीत) जमिनीवर झोपलेली, पोटात दुखतंय एवढीच तक्रार. सूज नाही, दंशाची खूण नाही, रक्तातला ऑक्सिजन ९८ टक्के. श्वास मी न मोजताच मिनिटाला १८ लिहिला (सगळ्यांचा १८च लिहितात!). सिस्टर म्हणाल्या, "तिला एका दमात आकडे म्हणायला लाव." बाई बारावर अडकली, पापण्याही जड झालेल्या. मण्यार साप चावला होता!

मण्यारीच्या विषानं श्वासाचेसुद्धा स्नायू लुळे पडत जातात, म्हणून एका दमात फार आकडे म्हणता येत नाहीत, ऑक्सिजनचा आकडा मात्र उशिरा घसरतो. मग दर पंधरा मिनिटांनी आकडे म्हणून घ्यायचे, मान उशीवरून उचलतेय का बघायचं, हेच माझं काम होतं.