मदत हवी आहे : लिमिटेड एडिशन सुपरकारमधला 'हिस्सा' घ्यायला निघालेल्या भावाला काय सांगू?

नमस्कार मंडळी.

माझे मामेभाऊ पारोळा तालुक्यात राहतात. आम्ही सगळे त्यांना बापू म्हणतो. महामार्गाच्या चौपदरीकरणात त्यांचं रस्त्याला लागून असलेलं शेत गेलं आणि मोबदला मिळाला. घराचं काम झालं, धाकटीच्या लग्नाचे पैसे बाजूला काढले. आता उरलेल्यातले चाळीस लाख एका परदेशी सुपरकारच्या 'हिश्श्यात' घालायचे म्हणताहेत. माझं धुळ्यात ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि गाड्यांबद्दल वाचायची आवड शाळेपासूनची, म्हणून मामींनी मला गळ घातली की तूच त्याला समजाव. पण समजवायला बसलो की माझाच गोंधळ होतो.

योजना अशी आहे. जगात मोजक्याच बनलेल्या गाड्यांपैकी एक गाडी परदेशात एका गोदामात ठेवलेली आहे म्हणे. तिचे हिस्से पाडून विकताहेत. पाच वर्षं पैसे काढता येत नाहीत. गोदामभाडं, विमा आणि देखभाल यांसाठी दरवर्षी दोन टक्के कापून घेणार, आणि पाच वर्षांनी गाडी लिलावात विकून नफा वाटणार. बापूंकडे एक रंगीत माहितीपत्रक आहे. त्यात गाडीचे सुंदर फोटो, वर चढत जाणारा आलेख, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दोन परिच्छेद. गाडी नेमकी कुणाच्या नावावर आहे, हे त्या माहितीपत्रकात मला कुठेच सापडलं नाही.

बापूंचं म्हणणं एका वाक्यात सांगतो : "गाड्या कमी शेतस, मंग भाव वाढीच ना!"

आणि त्यांच्याकडे दाखला आहे. दरवर्षी दत्तजयंतीला ते सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जातात. ते म्हणतात, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी घोडा साध्या घोड्याच्या कितीतरी पट भावाने जातो, तो काय तितक्या पट पळतो का? तरी घेणारा घेतो, आणि पुढच्या वर्षी त्याहून जास्त देणारा भेटतो. याला उत्तर द्यायला मला जड गेलं, कारण मी जे वाचलंय त्यावरून सुपरकारच्या बाबतीतही बरंच तसंच दिसतं.

आधी मला वाटायचं की किंमत यंत्राची असते. २००५ ची बुगाटी वेरॉन घ्या. ८ लिटरचं, सोळा सिलिंडरचं, चार टर्बोचं इंजिन, १००१ अश्वशक्ती, ताशी ४०७ किलोमीटर. ते इंजिन आणि बाकीची यंत्रणा थंड ठेवायला दहा रेडिएटर! पूर्ण वेगाने जायचं तर वेगळी किल्ली फिरवावी लागते. अशा ४५० च गाड्या बनल्या. एवढं संशोधन, चाचण्या, साचे, सगळा खर्च साडेचारशे गाड्यांवर वाटला, तर दहा-बारा लाख युरो किंमत मला पटते. कंपनीला प्रत्येक वेरॉनमागे तोटाच झाला, असा अंदाज शेअर बाजारातल्या विश्लेषकांनी नंतर मांडला होता. म्हणजे तिथे ग्राहकाने दिलेल्या पैशापेक्षा जास्त यंत्र मिळालं, असंही म्हणता येईल.

पण मग लॅम्बोर्गिनी वेनेनो बघा. २०१३ मध्ये ग्राहकांसाठी फक्त तीन कूपे (छत असलेल्या दोन दारी गाड्या) केल्या, किंमत कर सोडून ३० लाख युरो. आतून ती बहुतांशी त्याच कंपनीची नेहमीची गाडी, अ‍ॅव्हेंटाडोर. तेच साडेसहा लिटरचं व्ही-१२ इंजिन, ७०० ची ७५० अश्वशक्ती केलेली. किंमत मात्र अ‍ॅव्हेंटाडोरच्या दहापटीहून जास्त. पुढे तिच्या नऊ बिनछताच्या गाड्या (रोडस्टर) निघाल्या, ३३ लाख युरोच्या. हिशेबाने पाहिलं तर ही गाडी आपटायला हवी होती. झालं उलटंच. इक्वेटोरियल गिनीच्या उपराष्ट्राध्यक्षांच्या जप्त केलेल्या गाड्यांचा २०१९ मध्ये स्वित्झर्लंडला लिलाव झाला, त्यात वेनेनो रोडस्टर ८३ लाख स्विस फ्रँकला गेली.

आणि याच्या अगदी विरुद्ध जग्वार एक्सजे२२०. १९९२ मध्ये जगातली सर्वांत वेगवान उत्पादित गाडी होती ती, ताशी ३४० किलोमीटरच्या वर. बनल्या तीनशेच्याही आत. किंमत ४ लाख ७० हजार पौंड. म्हणजे वेगही होता, दुर्मिळपणाही होता. तरी भाव पडले, बुकिंग केलेल्यांनी गाडी घ्यायला नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

म्हणजे जिचं यंत्र अस्सल ती पडली, आणि जी जुन्याच गाडीला नवे कपडे घालून आली ती दुपटीच्या वर गेली. मग भाव ठरतो कशावर? आणि चाळीस लाख घालणाऱ्या माणसाला तो आधी ओळखता येतो का? मला बापूंना नुसतं "नको" म्हणायचं नाही. ते माझ्यापेक्षा मोठे आहेत, कष्टाने उभे राहिलेले आहेत. शेत गेल्याचं दुःख त्यांना अजून आहे आणि त्या पैशाचं काहीतरी मोठं व्हावं ही त्यांची इच्छा मला कळते. कारण देऊन सांगायचंय. कुणी या विषयातलं असेल तर कृपया लिहा.

– तापीकाठ

प्रतिसाद – गिअरबॉक्स

चांगला प्रश्न मांडलात. एक्सजे२२० का पडली ते सांगतो, कारण बापूंना नेमकं तेच सांगायला हवं.

१९८८ मध्ये गाडी पहिल्यांदा दाखवली तेव्हा व्ही-१२ इंजिन आणि चारही चाकांना ताकद, असं सांगितलं होतं. लोकांनी ५० हजार पौंड भरून नंबर लावले. प्रत्यक्षात आली ती साडेतीन लिटरचं व्ही-६ टर्बो इंजिन आणि फक्त मागच्या चाकांना ताकद घेऊन. पण खरं दुखणं गाडीत नव्हतंच. नंबर लावणाऱ्यांत चालवणारे कमी आणि पुढे विकून नफा कमावणारे जास्त होते. त्याच सुमारास, १४ ऑगस्ट १९८८ ला फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले आणि जुन्या फेरारींचे भाव वेड्यासारखे उसळले. सगळ्यांना वाटलं हे असंच चालणार. १९९० नंतर मंदी आली, फेरारीही कोसळल्या, आणि एक्सजे२२० नेमकी त्या पडत्या बाजारात ग्राहकांच्या दारात पोचली.

माहितीपत्रकातला आलेख कोणत्या वर्षापासून सुरू होतो ते बघा. अशा आलेखांची सुरुवात बहुतेकदा बाजार तळाला असतानाची असते.

दुसरी गोष्ट. मॅक्लारेन एफ१ चं उदाहरण हमखास दिलं जातं. ९० च्या दशकात पाच-सहा लाख पौंडांची गाडी, २०२१ च्या लिलावात २ कोटी डॉलरच्या वर गेली. खरं आहे. पण त्या विशिष्ट गाडीने पंचवीस वर्षांत चारशे किलोमीटरही पार केले नव्हते. नुसती उभी होती. आणि उभी गाडीही खाते. एफ१ ची इंधनाची लवचिक टाकी काही वर्षांनी बदलावीच लागते, त्यासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं. टायर न फिरताही म्हातारे होतात. दोन टक्क्यांत हे सगळं बसतं की वेगळं बिल येणार, हे लेखी विचारा.

प्रतिसाद – चाकणवासी (मूळ अमळनेर)

मी कार्बन फायबरच्या कामात आहे, सुपरकारच्या नाही, पण प्रक्रिया तीच. बापूंना आणि तुम्हाला एक सांगावंसं वाटतं की या गाड्यांची किंमत म्हणजे सगळा फुगा नाही.

राळ आधीच मुरवलेलं कार्बनचं कापड येतं, ते फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं, बाहेर राहिलं की हळूहळू कडक व्हायला लागतं. कारागीर ते कापून साच्यात हाताने एकेक थर बसवतात. प्रत्येक थराच्या धाग्याची दिशा ठरलेली. मध्ये हवा राहिली तर तो भाग गेला. मग पिशवीत घालून हवा ओढून घ्यायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये उष्णता आणि दाबाखाली पक्कं करायचं. पत्र्याच्या गाडीत प्रेसचा एक ठोका पडला की दार तयार होतं, इथे एका भागाला दिवस जातो. पगानीसारखी इटलीतली छोटी कंपनी अशाच कामावर उभी आहे. होरासिओ पगानी स्वतः आधी लॅम्बोर्गिनीत कार्बनच्याच कामात होते. त्यांच्या युटोपिया या गाडीच्या ९९ च कूपे ठरल्या, आणि त्यातला जोड नुसता बघत बसावा असा असतो. त्या कामाचे पैसे द्यायला मला अजिबात चुकीचं वाटत नाही.

पण ते काम बघायला, हात लावायला, चालवायला मिळावं म्हणून माणूस पैसे देतो. हिस्सेवाल्याला यातलं काय मिळणार? सारंगखेड्यात बापू घोड्याचे दात बघतात, चालवून बघतात, लगाम स्वतःच्या हातात घेऊन घरी येतात. इथे फोटोवर व्यवहार आहे. त्यांच्याच दाखल्याने त्यांना सांगा, ते ऐकतील.

प्रतिसाद – ताळेबंद

मी सीए आहे, जळगावला. गाड्यांतलं कळत नाही, कागदांतलं सांगतो.

हे पैसे परदेशात जाणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून जातील. तिथे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती अडचण नाही. पण गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो. चाळीस लाखांवर सहा लाख अडकले. विवरणपत्रात ते वळते होतात, पण तोवर हातचे जातात. शिवाय परदेशातली मालमत्ता दरवर्षी विवरणपत्रात शेड्यूल एफएमध्ये दाखवावी लागते, विसरलं तर दंड मोठा आहे. हे बापूंना कुणी सांगितलंय का?

आणि पैसे इथल्याच एखाद्या खात्यात भरायला सांगत असतील तर जास्त सावध व्हा. अनेकांचे पैसे गोळा करून, त्यांचा कारभार दुसऱ्याने बघून, नफा वाटायचा, ही सामूहिक गुंतवणूक योजना झाली. ती सेबीच्या (भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नोंदणीशिवाय चालवता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा, त्यांनी पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींसाठी वर्षानुवर्षं चकरा मारणारी म्हातारी माणसं मी रोज बघतो. त्यातल्या बहुतेकांनी सही करण्याआधी कागद कुणाला दाखवलेला नव्हता.

प्रतिसाद – गिअरबॉक्स

सीए साहेबांच्या मुद्द्याला जोडून. नव्या लिमिटेड एडिशन गाड्या बऱ्याचदा कंपनी स्वतः ग्राहक निवडून देते आणि लगेच विकायची नाही असं लिहून घेते. फोर्डने २०१७ मध्ये कुस्तीगीर जॉन सीनावर दावा लावला होता, कारण फोर्ड जीटी दोन वर्षं विकायची नाही असं ठरलं असताना त्याने ती विकली. त्यामुळे ही गाडी मूळ कुणी घेतली, त्याला हिस्से विकायची परवानगी आहे का, हेही विचारा. चेसिस नंबर मागा. साडेचारशे किंवा तीनच गाड्या बनल्या असतील तर प्रत्येक चेसिसचा इतिहास हौशी लोकांनी नोंदवून ठेवलेला असतो, नंबर मिळाला की गाडी खरी आहे का, कुठे आहे, हे कळायला वेळ लागत नाही.

आणि नुसतं "कमी आहे म्हणून वाढेल" याला सगळ्यात ताजं उत्तर म्हणजे रिमाक नेवेरा. १९०० च्या वर अश्वशक्तीची विजेवरची गाडी, फक्त १५० करायच्या ठरल्या, किंमत २० लाख युरोच्या घरात. वेगाचे विक्रम मोडले. तरी गिऱ्हाईक पुरेसं मिळेना, आणि अशा गाडीत श्रीमंतांना विजेची मोटर नकोय, हे खुद्द कंपनीचे संस्थापक माटे रिमाक यांनीच २०२४ मध्ये सांगितलं. दीडशे गाड्या कमी आहेत, पण घेणारे त्याहून कमी निघाले.

तापीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीच बापूंकडे जाऊन आलो, तुमचे प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवले. जग्वारची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. घोड्याच्या लगामावर काही बोलले नाहीत, पण माहितीपत्रक उघडून पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. टीसीएसचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. पैसे इथल्याच एका चालू खात्यात भरायचे आहेत, हे मला तेव्हा कळलं.

आलेख २०१० पासून सुरू होतो.

चेसिस नंबर, मालकीचा कागद आणि सेबीचा नोंदणी क्रमांक, या तीन गोष्टी मागणारा मेसेज बापूंनी माझ्यासमोर त्या माणसाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "ही ऑफर शुक्रवारपर्यंतच आहे, कागद नंतर मिळतील" म्हणाला. बापूंनी सांगितलं की कागद आले की शुक्रवारनंतरही बोलू.

ताळेबंद, तुम्हाला व्यक्तिगत निरोप केला आहे. बापू माहितीपत्रक घेऊन जळगावला यायला तयार आहेत, तुमची वेळ कळवा. आणि चाकणवासी, कार्बनचं काम जवळून बघायला मिळेल अशी एखादी जागा पुण्याकडे असेल तर सांगा, बापूंच्या मुलाने मेकॅनिकलला प्रवेश घेतलाय आणि तुमचा प्रतिसाद त्याने सगळ्यात लक्ष देऊन ऐकला.