कॉफीला वजनकाटा कशाला?

काटेकोर (धागाकर्ता)
घरची कॉफी रोज वेगळी लागली की आपण खापर पावडरीवर फोडतो आणि दुकान बदलतो. माझ्या मते दोष बहुतेक वेळा चमच्याचा असतो. गडद भाजलेली बी फुगते, हलकी होते. म्हणून तोच चमचा एका पाकिटातून कमी वजन उचलतो, दुसऱ्यातून जास्त. शीग लावून की सपाट, हा वाद आणखी वेगळा.

फ्रेंच प्रेसला (जाळीचा दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं) मी १:१५ धरतो: २० ग्रॅम पावडर, ३०० ग्रॅम पाणी. हो, पाणीसुद्धा काट्यावरच. कागदी गाळणीतून ओतायची असेल तर १:१६. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनचं प्रमाण लिटरला ५५ ग्रॅम, म्हणजे साधारण १:१८. मला ते पाणचट वाटतं. आमटीला काटा लागत नाही हे मान्य, कॉफीला लागतो. असहमत असाल तर लिहा.

पितळी फिल्टर
साफ असहमत. मी माटुंग्यात वाढलोय. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पावडर घालायची, चकती हलकेच दाबायची, उकळतं पाणी काठापर्यंत. भांडंच माप! खाली पडलेल्या डिकॉक्शनचं, म्हणजे दाट अर्काचं, पाण्याशी प्रमाण काढून करायचंय काय? खरं प्रमाण दुधाशी असतं, आणि ते पिणारा ठरवतो. आमच्याकडे सासऱ्यांना अर्धं-अर्धं लागतं, मुलीला एकास तीन.

मोका पॉटचंही, म्हणजे गॅसवर ठेवायच्या इटालियन कॉफीपात्राचंही, तेच. टोपली सपाट भरा, पाणी झडपेच्या खालपर्यंत. १९३३ पासून इटलीतली घरं काट्यावाचून कॉफी पितायत.

काटेकोर
पाकीट बदललं की काय करता? ८०:२० (कॉफी ८०, चिकोरी २०) संपलं आणि ६०:४० आणलं, तर चिकोरी, म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड, पाण्यात कॉफीपेक्षा जास्त उतरते. भांडं तेच, डिकॉक्शन मात्र जास्त काळं आणि दाट. आपल्याकडे मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, आणि टक्केवारी पाकिटावर छापलेली असते. किती जण वाचतात?

कडूझार
मधेच घुसतो. १:१५ नं कडू झाली म्हणून पाणी वाढवून १:१८ केलं. आता पातळही आहे आणि कडूही.

दळणवाला
@कडूझार, होणारच. प्रमाणानं मुख्यतः कडकपणा ठरतो. कडूपणा ठरतो पावडरीतून किती अर्क उतरला त्यावर, आणि ते दळण, वेळ नि पाण्याची उष्णता यांच्या हातात जास्त असतं. १९५०च्या दशकात लॉकहार्ट नावाच्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. पावडरीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला तर चव जमते, असा तो हिशोब. तुम्ही तेवढ्याच पावडरीवर जास्त पाणी घातलंत, म्हणजे तिच्यातून आणखी अर्क ओढलात. कडूपणाला खतपाणीच घातलं की!

दळण जाड करा, चार मिनिटांनी दांडा दाबा आणि सगळी कॉफी लगेच ओतून घ्या, भांड्यात ठेवू नका. चव बरी पण नुसती कडक वाटली, तर तयार कॉफीत वरून गरम पाणी घाला. आंबट आणि पातळ आली तर उलट, दळण बारीक. प्रमाणाला हात सगळ्यात शेवटी.

धागाकर्त्यांनाही एक: बिया घरच्या मिक्सरात दळल्या असतील, अर्धी धूळ नि अर्धे तुकडे, तर १:१५ आणि १:१६ यांतला फरक जिभेला कळणारसुद्धा नाही. पैसे घालायचेच तर आधी चांगल्या ग्राइंडरमध्ये घाला.

जायफळवाली काकू
एका खेपेला २० ग्रॅम? म्हणजे पाव किलोचं पाकीट बारा खेपांत उडालं! हे प्रमाण पिणाऱ्यानं काढलंय की विकणाऱ्यानं? आमच्याकडे दुधात इन्स्टंट, साखर, वर जायफळाची चिमूट. चौघं पितात, कुणाची तक्रार नाही.

काटेकोर
काकू, ३०० ग्रॅम एकट्यासाठी नाही हो. पावडर स्वतःच्या साधारण दुप्पट पाणी धरून बसते, हातात २६० मिली येतं. नेहमीच्या कपांत दोघांचं होतं. इन्स्टंट तर आधीच काढून वाळवलेली कॉफी, ती फक्त विरघळवायची. तिथे चमचा पुरे.

@दळणवाला, दळणाचं पटतं. पण प्रमाण रोज हलत असेल तर दळण बदलल्यानं काय झालं हे ओळखणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तर दुसरी काट्यानं बांधलेली हवी.

जायफळवाली काकू
दोघांचं होतं, आम्ही चौघं आहोत. म्हणजे ४० ग्रॅम. माझा प्रश्न तिथेच आहे.

पितळी फिल्टर
आणि माझं भांडं बांधलेलंच आहे, त्याला सेल लागत नाहीत. ६०:४० आणलं की पहिल्या सकाळी दूध थोडं जास्त घालतो, बस्स.